उणे ऐंशीतली जागा

चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी दुपारी लॅबमध्ये दोनच माणसं उरली होती. एक गिरिजा, कारण तिच्या घरी हा सण नव्हता. दुसरी फरीदा, कारण सगळी बटणं स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय तिचा लॅबमधून पाय निघत नसे. बाकी सगळे सकाळीच एकमेकांना संत्री देऊन आपापल्या घरी जेवायला पळाले होते. प्रोफेसर ओंग तर आदल्याच दिवशी गाडी घेऊन माहेरी, मलेशियातल्या इपोला गेल्या होत्या.

२०१५ सालची ही गोष्ट. म्हातारपणी माणसाची प्रतिकारशक्ती का थकते, याचा शोध ओंगबाईंची लॅब घेत असे. गिरिजा तिथे चार वर्षं संशोधक होती. नवरा प्रबोध जहाजावरची इंजिनिअरकी सोडून हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात लागला, तेव्हा पुण्याहून तिघांनी मलेशियाशेजारच्या या बेटावर बिऱ्हाड हलवलं होतं. लेक जाई तेव्हा तीन वर्षांची होती. आता ती शाळेतून येऊन "आई, कॅनॉट लाइक दॅट लाह" असं इथल्या धाटणीच्या इंग्रजीत ऐकवण्याइतकी मोठी झाली होती.

गिरिजाचं काम उंदरांवर होतं. म्हाताऱ्या उंदरांना एक विशिष्ट प्रथिन टोचलं, की ते फ्लूशी तरण्या उंदरांसारखे झुंजतात, असं तिला पहिल्याच प्रयोगात दिसलं होतं. त्या दिवशी ती इतकी हरखली, की तिने अख्ख्या लॅबला श्रीखंड खिलवलं. दुसऱ्या प्रयोगात तोच परिणाम थोडा फिका आला. तिसऱ्यात आलाच नाही. मग तिने मात्रा बदलून पाहिली, उंदरांची जात बदलली, प्रथिन विकणारी कंपनी बदलली. दोन वर्षं गेली. प्रत्येक प्रयोगातली फुप्फुसं, प्लीहा आणि रक्तद्रव तिने बोटाच्या पेरापेक्षा जराशा मोठ्या नळ्यांमध्ये भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवली होती. न जाणो, कुठल्यातरी नळीत उत्तर सापडेल.

लॅबमध्ये असे दोन फ्रीझर होते. जुन्याला सगळे 'अंकल' म्हणत, कारण तो दिवसभर खोकल्यासारखा आवाज करायचा. नव्याला नाव मिळालं होतं 'बॉस'. बॉसमधला एक पूर्ण कप्पा गिरिजाचा होता, आणि त्यावरूनच हुई मिनशी तिचं बिनसलं होतं.

हुई मिन पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. वयस्कर स्वयंसेवकांना फ्लूची लस द्यायची आणि आधी-नंतर त्यांचं रक्त तपासायचं, हा तिचा अभ्यास. डिसेंबरात नळ्या वाढल्या तेव्हा ती गिरिजाकडे आली होती.

"तुझा कप्पा मला देशील? तू तो वर्षभर उघडला नाहीयेस."

"उघडला नाही म्हणजे काम संपलं असं नाही," गिरिजा तोडूनच बोलली. "माझा पेपर व्हायचाय अजून."

 हुई मिनने आपली सगळी खोकी अंकलमध्ये नेऊन ठेवली, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं 'सेंट्रिफ्यूज मोकळा आहे का' एवढ्यावर आलं.

तर त्या दुपारी अंकल किंचाळायला लागला.

गिरिजा डबा खात होती. ती धावत गेली तोवर फरीदा फ्रीझरसमोर हात कमरेवर ठेवून उभी होती. फ्रीझरवरचा आकडा उणे अडुसष्ट दाखवत होता. दोघी बघत असतानाच तो उणे सदुसष्ट झाला.

"थोडा वेळ दार बंद ठेवू. कदाचित सावरेल," गिरिजा म्हणाली.

"नाही सावरणार. नेहमीचा खोकला ऐकू येतोय का बघ." फरीदाने कान दाराला लावला. "कॉम्प्रेसर गेला."

फरीदा लॅबची व्यवस्थापक होती, पन्नाशीची, सेम्बावांगला आईबरोबर राहणारी. हुई मिन तिला मलय रिवाजाप्रमाणे 'कक', म्हणजे ताई म्हणायची, म्हणून गिरिजाही म्हणायची. फरीदाने फोनांचा सपाटा लावला. दुरुस्तीवाल्याने नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि सुट्टीनंतर येतो म्हणून सांगितलं. सुका बर्फ पुरवणाऱ्याचा फोन कोणी उचललाच नाही. लॅबच्या पेटीत तळाला जो काही उरला होता, तो एका पानाच्या डब्यातही मावला असता. मजल्यावरच्या दुसऱ्या दोन लॅबच्या माणसांनी तर फोनवरच हसून विचारलं, "कक, उणे ऐंशीत कुणाकडे जागा असते का कधी?"

"अंकलमध्ये काय काय आहे?" गिरिजाने विचारलं, जरी तिला ठाऊक होतं.

"वरती थोडी रसायनं. बाकी सगळं हुई मिनचं."

आकडा उणे चौसष्टवर आला.  उंदीर पुन्हा मागवता येतात. पण लस घेण्याआधीचं एखाद्या आजोबांचं रक्त, लस घेऊन झाल्यावर पुन्हा कुठून आणणार?

"बॉसमध्ये जागा करायची," फरीदा म्हणाली. "पण कुणाचंही सामान मी मालकाला विचारल्याशिवाय टाकत नाही. आधी प्रोफ."

बॉसचे खालचे दोन कप्पे प्रोफेसर ओंग यांचे होते. त्यात त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.पासूनच्या नळ्या होत्या. तीन देश आणि चार फ्रीझर बदलून त्या इथवर आल्या होत्या. दर वर्षीच्या साफसफाईत ओंगबाई स्वतः हातमोजे चढवून यायच्या, आपले कप्पे उघडायच्या, नळ्यांकडे मायेने बघायच्या आणि सगळं होतं तसं परत ठेवायच्या.

फरीदाने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे भांडी, टीव्ही आणि बऱ्याच मावश्या एकाच वेळी बोलत होत्या. फरीदाने काय झालंय ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ फक्त मावश्यांचाच आवाज आला.

"खालचा कप्पा टाक," शेवटी ओंगबाई म्हणाल्या. "वरचा राहू दे."

"दोन्ही लागतील, प्रोफ."

"बरं, दोन्ही. पण हिरवं खोकं ठेव. त्यात माझी पहिली अँटिबॉडी आहे."

फोन बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. "हिरव्याच्या शेजारचं पिवळंही ठेवता येईल का बघ."

"प्रोफ, पिवळ्यातल्या नळ्यांवरची अक्षरं पुसली गेलीत. काय आहे ते तुम्हालासुद्धा सांगता येणार नाही."

"मला पाठ आहे ते!"

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "फरीदा, माझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणते, अडगळीसाठी पोरीचं काम बुडवतेस? टाक सगळं. हिरवंसुद्धा. आणि काय काय टाकलंस ते मला सांगू नकोस, प्लीज."

 फरीदा म्हणाली, "हिरवं खोकं छोटं आहे. ते बसेल कुठेतरी."

ओंगबाई लहान मुलीसारख्या "थँक यू लाह" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आणखी दोन मोठी खोकी होती. त्यांवर जाड मार्करने लिहिलं होतं, 'टाकू नये – के. एच., २००७'. हे के. एच. कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. फरीदाच्याही आधी ते कधीतरी येऊन गेले असावेत. पण आठ वर्षं प्रत्येकाने त्यांच्या आज्ञेचा मान राखला होता.

"यांना कुठे फोन करायचा?" गिरिजाने विचारलं.

फरीदाने दोन्ही खोकी पाहिली, छताकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मिस्टर के. एच., आम्हाला माफ करा." ती खोकी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली. दोघींना हसू आवरेना.

पण काम हसण्यासारखं नव्हतं. बॉसचं दार फार वेळ उघडं ठेवलं तर त्याचंही तापमान चढणार, म्हणून थोडं काढायचं, दार लावायचं, आकडा खाली येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा. जाड निळ्या हातमोज्यांतूनही बोटं बधिर होत होती. लोखंडी खण बर्फाने एकमेकांना चिकटले होते. फरीदा ते रबरी हातोडीने ठोकून सोडवत होती आणि मलयमध्ये त्यांच्याशी प्रेमाने भांडत होती.

ओंगबाईंचे कप्पे रिकामे झाले. के. एच. गेले. हुई मिनची खोकी भराभर आत बसायला लागली. आणि तरीही अंकलच्या शेवटच्या कप्प्यातली खोकी उरली. आकडा उणे पंचावन्न दाखवत होता.

 फरीदा पेटीतला सुक्या बर्फाचा चुरा त्या खोक्यांभोवती पसरत राहिली. विचारायचं असतं तर तिने केव्हाच विचारलं असतं, हे गिरिजाला कळत होतं.

गिरिजाने बॉस उघडला आणि स्वतःचा कप्पा बाहेर ओढला. वरच्याच खोक्यावर तिच्या अक्षरात पहिल्या प्रयोगाची तारीख होती. खरं तर आत काहीही नाही, हे तिला वर्षभरापूर्वीच समजलं होतं. पाचव्या प्रयोगाचे आकडे पडद्यावर आले तेव्हाच समजलं होतं. पण तसं म्हटलं, की मग दोन वर्षं काय केलं, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं. प्रोफना, पुण्यातल्या आईला आणि जूनमध्ये संपणाऱ्या नोकरीच्या कंत्राटालाही. फ्रीझरमध्ये काहीतरी आहे तोवर ते उत्तर पुढे ढकलता येत होतं.

"कक, पिशवी धर," ती म्हणाली.

"नक्की?"

"धर लवकर, दार उघडंय."

पहिलं खोकं टाकताना तिने त्यावरची तारीख पुन्हा एकदा वाचली. दुसऱ्याची वाचली नाही. तिसऱ्या-चौथ्यानंतर तर हाताला एक लय आली. घर आवरताना येते ना, तशी.

त्याच वेळी लॅबचं दार धाडकन उघडलं. फरीदाचा मेसेज वाचून हुई मिन क्वीन्सटाउनहून टॅक्सी करून आली होती. अंगात नवाकोरा लाल फ्रॉक, केस पार्लरमध्ये वळवलेले, आणि पायात घरातल्या स्लिपर. ती धापा टाकत अंकलकडे धावली, बहुतेक कप्पे रिकामे पाहून किंचाळली, "माझं सगळं कुठंय?"

"बॉसमध्ये," फरीदा म्हणाली. "शेवटची खोकी राहिलीत. फ्रॉकवर कोट चढव आणि हात लाव."

हुई मिनने कोट चढवला, स्लिपर काढून लॅबचे बूट घातले आणि वळली, तर समोर गिरिजा पिवळ्या पिशवीत खोकं सोडत होती. खोक्यावरचं नाव हुई मिनने वाचलं.

"हे तुझंय."

"होतं."

"गिरिजा, थांब! तुझा पेपर?"

"पेपर होणार नाहीये," गिरिजा म्हणाली. हे वाक्य ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. छत कोसळलं नाही. "डिसेंबरात तू मागितलास तेव्हाच द्यायला हवा होता मी हा कप्पा. तुझी खोकी दे इकडे, वितळतील."

हुई मिनने खोकी दिली. दोघी शेजारी उभ्या राहून कप्पा भरत होत्या. एक देत होती, एक लावत होती. शेवटचं खोकं आत गेलं, दार बंद झालं, आणि तिघी आकड्याकडे बघत बसल्या. तो उणे सत्तरपर्यंत चढला होता. थोडा वेळ तिथेच अडला. मग एकेका अंशाने खाली उतरू लागला.

"तुझे म्हातारे वाचले," फरीदा म्हणाली.

हुई मिन जमिनीवरच फतकल मारून बसली आणि रडायला लागली. पार्लरवालीने रंगवलेलं काजळ गालांवर उतरलं. मग गिरिजालाही रडू आलं, आणि फरीदाने दोघींपुढे कागदी नॅपकिनचा अख्खा गठ्ठा ठेवला.

"सणाच्या दिवशी रडू नये," ती दरडावून म्हणाली. "पँट्रीत अननसाच्या टार्ट ठेवल्यात. चला."

चहा पिता पिता हुई मिनचा फोन वाजला. पलीकडे तिची आई. मायलेकींचं चिनीमधलं बोलणं चढत्या आवाजात चाललं होतं. मधेच हुई मिनने फोनवर हात ठेवला. "आई विचारतेय, तू आणि कक जेवायला किती वाजता येताय?"

"अगं, आजचं जेवण घरच्यांचं असतं ना?" गिरिजा संकोचली. चार वर्षांत तिला एवढं कळलं होतं, की या रात्रीच्या जेवणाला बाहेरच्याला सहसा बोलावत नाहीत.

"मी तिला तेच सांगितलं. ती म्हणते, माझ्या मुलीची डिग्री वाचवणारी बाहेरची कशी?"

फरीदाची आई सेम्बावांगला वाट बघत होती, त्यामुळे ती टार्टचा डबा घेऊन निघाली. गिरिजाने प्रबोधला फोन केला. "जाईला घेऊन क्वीन्सटाउनला ये. जेवायचं आमंत्रण आहे. आणि येताना संत्री आण, दोनच्या जोडीने द्यायची असतात."

"तू रडलीयेस का?" त्याने विचारलं.

"हो. पण छान रडलेय. ये, मग सांगते."

क्वीन्सटाउनचा तो जुना फ्लॅट माणसांनी भरून गेला होता. गोल टेबलाभोवती जागा नव्हती म्हणून मुलांना खाली चटईवर बसवलं होतं. जाई त्यांच्यात इतकी मिसळली, की थोड्या वेळाने ती कुणाची हे ओळखू येईना. प्रबोध मासे, बदक, जे समोर येईल ते मनापासून खात होता आणि हुई मिनच्या काकांना जहाजावरच्या वादळांच्या गोष्टी सांगत होता.

गिरिजा शाकाहारी. ती उकडलेल्या भाजीची एक वाटी घेऊन बसली होती. ते हुई मिनच्या आजीने पाहिलं. आजी नव्वदीची, पाठीत वाकलेली. ती काही न बोलता उठली, आत गेली आणि एक झाकलेलं भांडं घेऊन आली. त्यात अळंबी, कोबी, सोयाबीनच्या वड्या आणि शेवया एकत्र शिजवलेल्या होत्या.

"हे उद्या सकाळचं," हुई मिनने सांगितलं. "वर्षाच्या पहिल्या दिवशी आजी मांस खात नाही. ती म्हणते, तू आजच खा. ती उद्या पुन्हा करेल."

"नको नको, त्यांना पुन्हा त्रास!"

आजीने हे ऐकून घेतलं नाही. ती गिरिजाच्या शेजारी बसली, तिच्या वाटीत वाढलं आणि मग तक्रारीच्या सुरात काहीतरी लांबलचक बोलली. टेबलावरचे सगळे हसले.

"काय म्हणतायत?"

"तिची एक जुनी तक्रार आहे," हुई मिन लाजून म्हणाली. "नातेवाइकांचं रक्त माझ्या अभ्यासात घेता येत नाही. ती म्हणते, शेजारच्या ब्लॉकमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं रक्त चालतं, बाजूच्या मिस्टर टॅनचंसुद्धा चालतं, जो दर महिन्याला आजारी पडतो. आणि मी कधी शिंकलेसुद्धा नाही, तर माझं नको?"

गिरिजा हसता हसता थबकली. "कधीच नाही शिंकल्या?"

हुई मिनने विचारलं. आजीने ठामपणे मान हलवली.

"तुझ्या स्वयंसेवकांत असे किती असतील?" गिरिजाने हुई मिनला विचारलं. "वय खूप आणि तरी लसीला तरण्या माणसासारखा प्रतिसाद देणारे?"

"आहेत काही. आकृतीत ते इतरांपासून वेगळेच वर दिसतात. मी त्यांना अपवाद म्हणून बाजूला ठेवलंय. थीसिसमध्ये तेवढी जागा नाही."

"मग त्यांना मी बघू?"

हुई मिनने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "सीरियसली?"

"उंदरांना तरुण करायच्या नादात मी दोन वर्षं घालवली. इथे माणसं आपली आपणच तरुण राहतायत, आणि त्यांना कोणी विचारतसुद्धा नाहीये."

त्यानंतर दोघींचं बोलणं असं काही रंगलं, की हुई मिनच्या आईने दोनदा टेबलावर वाटी आपटून सांगितलं, काम उद्या, आता जेवा. मग सगळे उभे राहिले. मधल्या मोठ्या ताटात कच्च्या मुळ्याच्या, गाजराच्या रंगीत किसाची रास होती. सगळ्यांनी चॉपस्टिकने ती एकदम उधळायची, आणि जितकं उंच उडेल तितकं वर्ष चांगलं. जाईने खुर्चीवर चढून असा काही हात मारला, की गाजराचा कीस पंख्यापर्यंत पोचला. सगळं घर ओरडलं.

सुट्टी संपल्यावर प्रोफेसर ओंग परत आल्या. गिरिजाने त्यांच्या केबिनमध्ये जाऊन, खुर्चीत बसायच्याही आधी सांगून टाकलं, "प्रोफ, उंदरांचं काम संपलं. ते खरं नव्हतं."

ओंगबाईंनी इपोहून आणलेला पोमेलो, म्हणजे पपनस, सोलायला घेतला होता. एक फोड त्यांनी तिच्यापुढे केली. "तू हे कधी म्हणशील, याची मी वाट बघत होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चौथ्या प्रयोगापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी बोललं असतं, तर मी ऐकलं असतं का?" त्या हसल्या. "बस. आता त्या वर दिसणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल सांग. हुई मिन सकाळपासून माझं डोकं खातेय."

गिरिजाने सांगितलं. ओंगबाई ऐकत होत्या, मधेच प्रश्न टाकत होत्या, काही बाबतीत सरळ नाही म्हणत होत्या. पोमेलो संपला तेव्हा टेबलावरच्या कागदी रुमालावर एक आराखडा उभा राहिला होता. कंत्राटाबद्दल त्या म्हणाल्या, "मी लिहिते वरती. पण हमी देत नाही." गिरिजाला तेवढं पुरेसं होतं.

मार्चमध्ये या नव्या अभ्यासाला परवानगी आली. पहिल्या दिवशी तपासणीच्या खोलीत एक आजी आल्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, हातात बाजाराची पिशवी. नर्सने रक्त काढलं, आणि गिरिजा त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"आंटी, तुम्ही रोज काय करता ते मला सांगाल का? अगदी सकाळपासून."

आजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "सगळं? वेळ आहे तुला?"

"भरपूर," गिरिजा म्हणाली आणि पेन उघडलं.